स्वस्त खेळणे आणि धातूचे वजन

विज्ञानकाल्पनिक चित्रपटांतील शस्त्रांची स्वस्त प्लॅस्टिक खेळणी विकत आणावयाची, ती उघडावयाची, त्यांतील बनावट भाग कापून टाकावयाचे आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या, पितळी स्क्रू व पोलादी कड्या बसवून पडद्यावर दिसलेल्या मूळ वस्तूच्या शक्य तितके जवळ जावयाचे, असा एक छंद पाश्चात्त्य देशांत आणि जपानात चांगलाच रुजला आहे. हा छंद करणारे बहुतेक जण वयाने प्रौढ आणि मिळवते असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे पोरकट वाटते. ज्या वस्तूची किंमत एका साध्या जेवणाइतकी, तिच्यावर अनेक संध्याकाळी खर्च करणाऱ्या माणसाविषयी चारचौघे काय म्हणतात, हे सांगावयास नको. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तरी अशा प्रश्नाकडे हसून पाठ फिरवू नये. किंमत म्हणजे काय, श्रम म्हणजे काय आणि विकत घेतलेल्या वस्तूवर आपला अधिकार किती, हे तिन्ही जुने प्रश्न या क्षुल्लक दिसणाऱ्या खेळण्यात एकत्र आलेले आहेत. त्यांचा विचार करावयाचा तर आधी या खेळण्याचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

अडगळीतून घडलेले भविष्य

या छंदाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'स्टार वॉर्स'. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. एकूण खर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. आकडा मोठा वाटला तरी परग्रह, अवकाशयाने आणि सैन्ये उभी करावयाची, तर तो अपुराच होता. सेटची सजावट पाहणारे रॉजर ख्रिश्चन यांना शस्त्रे नव्याने घडवून घेणे परवडणारे नव्हते. त्यांनी जुन्या वस्तूंचा शोध सुरू केला. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील छायाचित्रण साहित्याच्या एका दुकानात त्यांना ग्राफ्लेक्स या अमेरिकी कंपनीच्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. चकचकीत धातूच्या या नळीत बॅटरीचे तीन सेल बसत आणि वर फ्लॅशचा बल्ब लावला जाई. एके काळी अमेरिकेतील वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ती हातात घेऊन हिंडत. ख्रिश्चन यांनी तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटविल्या, तिच्या पकडीत खिशातल्या गणनयंत्राच्या भिंगांची एक पट्टी बसविली, कमरेला अडकविण्यासाठी कडी लावली आणि जगभरच्या मुलांना वेड लावणारे प्रकाशखड्ग, म्हणजेच लाइटसेबर, तयार झाले.

इतर सामग्रीची कथा अशीच आहे. वृद्ध योद्धा ओबी-वान याच्या खड्गाच्या मुठीत पहिल्या महायुद्धातील रायफल-ग्रेनेडचा भाग आहे, जेट इंजिनातील एक नळी आहे आणि हात धुण्याच्या बेसिनवरील तोटीची मूठही आहे. खलनायकाचे खड्ग एका ब्रिटिश कंपनीच्या फ्लॅशच्या मुठीपासून केलेले. हान सोलो या पात्राचे पिस्तूल म्हणजे मुळात माउझर हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे जर्मन पिस्तूल, त्यावर एक दुर्बीण चढविलेली. साम्राज्याच्या पांढऱ्या चिलखतांतील सैनिकांच्या हातात ब्रिटिश बनावटीची स्टर्लिंग ही बंदूक होती. तिला थोडे कापून आणि वर रणगाड्यावरची दुर्बीण बसवून नवे रूप दिलेले. भारतीय वाचकाला ही बंदूक अपरिचित नाही. हीच स्टर्लिंग साठच्या दशकापासून परवान्याने कानपूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि 'कार्बाइन' या नावाने आपल्या सैनिकांच्या व पोलिसांच्या खांद्यावर दिसू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या वस्तू पडद्यावर खऱ्या वाटल्या, कारण त्या खऱ्याच होत्या. त्यांतील प्रत्येक आटा, प्रत्येक खाच आणि प्रत्येक नळी कोणा अभियंत्याने कोणत्या तरी प्रत्यक्ष कामासाठी योजिलेली होती. नळीला भोके होती, कारण ती तापत असे; मुठीला खरबरीतपणा होता, कारण ती घामेजल्या हातातून निसटू नये. कल्पित भविष्याला खरेपणा आला, तो भूतकाळातील अज्ञात कारागिरांच्या श्रमातून. पैशाच्या टंचाईने जे करावयास भाग पाडले, तेच त्या चित्रपटाचे मोठे सौंदर्य ठरले.

साच्याचे अर्थशास्त्र

चित्रपट गाजला आणि खेळण्यांची मागणी उसळली. खेळण्यांचा परवाना अमेरिकेतील केनर या कंपनीकडे होता. १९७७ च्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार होणे शक्य नव्हते; तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचे एक पाकीट विकले, ज्यात पुढे चार बाहुल्या मिळतील असे वचनपत्र होते. वस्तू नसताना वस्तूची मागणी विकण्याचे हे उदाहरण वाणिज्याच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. याच कंपनीचे पहिले प्रकाशखड्ग म्हणजे एक बॅटरी आणि तिला जोडलेले हवा भरून फुगविण्याचे प्लॅस्टिकचे पाते. फ्लॅशच्या धातूच्या मुठीपासून आरंभ झालेल्या वस्तूचा शेवट असा हवेच्या पिशवीत झाला.

यात कारखानदाराची लबाडी शोधण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकच्या खेळण्याचे स्वतःचे एक काटेकोर अर्थशास्त्र आहे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने ज्या पोलादी साच्यात भरतात, तो साचा महाग असतो. पण एकदा तो झाला की प्रत्येक नगाचा खर्च अत्यल्प. म्हणून जे साच्यात होऊ शकते ते सारे साच्यातच करावयाचे. स्क्रूचे डोके, नळीवरची भोके, दुर्बिणीचा चढ हे सर्व एकाच तुकड्यात उमटवावयाचे. खरा स्क्रू बसवावयाचा म्हणजे भोक पाडणारा हात आला, पिळणारा हात आला, तपासणारी नजर आली आणि तिची मजुरी आली. वस्तू डाव्या-उजव्या दोन कवचांची करावयाची, कारण साचा उघडल्यावर ती सुटून आली पाहिजे. मग मधोमध जोडाची रेघ राहते. वजन जितके कमी तितके जहाजाचे भाडे कमी. अशा रीतीने किमतीतून एक-एक पैसा वगळीत गेले की शेवटी जे वगळले जाते ते मानवी श्रम होय. स्वस्त खेळणे म्हणजे श्रमाचे चित्र काढून श्रम गाळून टाकलेली वस्तू. त्यावरचा स्क्रू हा स्क्रूचा फोटो असतो. तो काहीच धरून ठेवीत नाही.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती न्यायाने सांगितली पाहिजे. याच स्वस्ताईमुळे अवकाशवीरांचे खड्ग कामगाराच्या मुलाच्याही हाती आले. मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीने सुटे स्क्रू, धारदार कडा आणि गिळता येतील असे भाग टाळणे हेच शहाणपणाचे. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानकांनुसार प्रमाणित असणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा धातूचे भाग बसविलेले खेळणे हे मुलाचे खेळणे उरत नाही, हे छंदिष्टांनी प्रथम मान्य करावयास हवे. ती प्रौढाच्या टेबलावरची वस्तू झाली. घरातल्या लहानग्याच्या हाती ती देता कामा नये.

उलटा प्रवास

आता छंदिष्ट नेमके काय करतो ते पाहू. तो प्रथम खेळण्याचे स्क्रू काढून दोन्ही कवचे वेगळी करतो. आतील स्प्रिंग, आवाजाची चकती, दिवा आणि तारा यांची जागा समजून घेतो. जोडाच्या रेघेवर लांबी भरतो आणि ती पॉलिश पेपरने घासून नाहीशी करतो. मग साच्यात उमटलेले खोटे स्क्रू कापून त्या ठिकाणी भोके पाडतो आणि खरे स्क्रू बसवितो. प्लॅस्टिकची नळी मुळापासून छाटतो आणि तिच्या जागी त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घालतो. माप जुळले नाही तर लेथवर तासून घेतो. दुर्बीण, कडी, पट्टा अडकविण्याचा हूक असे सारे एकामागून एक धातूचे होत जाते. जे प्लॅस्टिक उरते त्यावर काळा रंग देऊन, कडांवर धातूची पूड घासून, वर्षानुवर्षांच्या वापराने रंग उडाल्याचा भास निर्माण करतो. शेवटी वस्तू हातात घेतली की ती जड लागते. हे वजन दाखविण्यासाठी कोणी विचारीत नाही. ते फक्त त्याच्या मनगटाला कळते.

या कामात तो जे शिकतो, ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ॲल्युमिनियमला आटे पाडताना घाई केली तर ते फाटतात. पितळ कापताना सोपे, पण चमक टिकविणे कठीण. प्लॅस्टिकमध्ये जाड स्क्रू जोराने पिळला तर कवच तडकते. आत धातूची पट्टी दिली की भार वाटला जातो. मूळ वस्तूवरची भोके जिथे होती तिथेच का होती, हे त्याला पुन्हा एकदा कळते, कारण आता ती भोके त्याने स्वतः पाडलेली असतात. कारखान्याने अभियंत्याच्या निर्णयांचे केवळ बाह्यरूप उरविले होते. छंदिष्ट त्या निर्णयांपर्यंत मागे चालत जातो. खऱ्या वस्तूपासून चित्रपटाची सामग्री, सामग्रीपासून खेळणे आणि खेळण्यापासून पुन्हा खरी वस्तू, असे हे वर्तुळ पूर्ण होते.

हिशेबात न मावणारे श्रम

या श्रमांची किंमत किती? रूढ हिशेब सरळ आहे. समजा, एका गृहस्थाने पाचशे रुपयांचे खेळणे घेतले, हजार रुपयांचे धातूचे भाग आणले आणि चाळीस तास खर्च केले. त्याच्या तासाचे मोल नोकरीच्या पगाराने मोजले तर ती वस्तू काही हजारांना पडली; आणि विकावयास काढली तर बाजार तेवढे देईलच असे नाही. तेव्हा त्याने तोटा केला, असे पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा म्हणेल. दुसरा धडा जरा सावध आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला तर घरातील काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. जे पैशाने बदलत नाही ते मोजले जात नाही. घरातील स्त्रियांचे अफाट श्रम या त्रुटीमुळे अदृश्य राहिले, हा त्या त्रुटीचा सर्वांत मोठा अन्याय. छंदिष्टाची कानस त्या तुलनेत किरकोळ. पण तीही त्याच अंधारात पडलेली आहे.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हे सारे म्हणजे ऐपतीचे प्रदर्शनच नव्हे काय? थॉर्स्टन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये चमच्याचे उदाहरण दिले होते. हाताने घडविलेला चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरांचा आणि यंत्राने केलेला ॲल्युमिनियमचा चमचा दहा-वीस सेंटांचा. जेवण दोहोंनीही सारखेच होते. मग पहिल्याच्या सौंदर्याचे जे कौतुक होते, त्यात त्याच्या महागपणाचा वाटा केवढा? हाच प्रश्न धातूच्या ब्लास्टरलाही विचारता येईल. विशेषतः आता या छंदाभोवती मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. तयार धातूचे भाग विकले जातात, सबंध प्रतिकृती विकल्या जातात. ग्राफ्लेक्सच्या जुन्या मुठी छायाचित्रणासाठी निरुपयोगी होऊनही या मागणीमुळे संग्राहकांच्या वस्तू झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात हान सोलोचे चित्रीकरणात वापरलेले पिस्तूल १० लाख ५७ हजार ५०० डॉलरना गेले. पैशाच्या टंचाईतून जन्मलेल्या वस्तूची ही किंमत पाहून व्हेब्लेन यांना आश्चर्य वाटले नसते.

परंतु याच व्हेब्लेन यांनी १९१४ मध्ये आणखी एक ग्रंथ लिहिला, तो मनुष्यातील कारागिरीच्या उपजत प्रेरणेवर. काम नेटके व्हावे, साधन वाया जाऊ नये, हातून काही उपयुक्त घडावे, ही ओढ मनुष्यस्वभावात खोलवर आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच अर्थशास्त्रज्ञाच्या या दोन ग्रंथांमध्ये आपल्या प्रश्नाचे उत्तर विभागलेले आहे. तयार धातूची प्रतिकृती पैसे मोजून कपाटात ठेवणारा पहिल्या ग्रंथात बसतो. पाचशे रुपयांचे खेळणे कानशीने घासत बसलेला दुसऱ्या ग्रंथात. दोघांच्या कपाटातील वस्तू सारखीच दिसेल, पण एकाने वस्तू मिळविली आणि दुसऱ्याने क्षमता मिळविली. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांच्या २०१२ मधील प्रयोगांत असे आढळले की, स्वतः जोडलेल्या साध्या वस्तूला माणसे इतरांपेक्षा अधिक मोल देतात. मात्र काम अपुरे राहिले किंवा केलेले मोडून टाकावे लागले की हे वाढीव मोल नाहीसे होते. म्हणजे केवळ घाम गाळल्याने समाधान मिळत नाही; काम तडीस जावे लागते. कारखान्यातील जोडणीच्या पट्ट्यावर आयुष्यभर एकच स्क्रू पिळणाऱ्या कामगाराला जे नाकारले गेले, ते हेच. ज्याची नोकरी कागदांच्या किंवा पडद्याच्या आड चालते आणि जिथे कोणतेही काम पुरे झाल्याचे डोळ्यांना कधी दिसत नाही, त्या प्रौढाने संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खेळण्याकडे वळावे, यात नवल नाही आणि हसण्यासारखेही काही नाही.

खरेपणाची सीमा

तथापि 'खरेपणा' या शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर प्रश्न जीविताचा होतो. एक खरेपणा घडविणाऱ्याच्या हाताला कळणारा. दुसरा रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या डोळ्यांना फसविणारा. पहिल्याचा खर्च छंदिष्ट स्वतः सोसतो, दुसऱ्याचा खर्च इतरांवर पडतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्यपरिणाम म्हणतात तो हाच, आणि जिथे बाह्यपरिणाम आला तिथे कायद्याला स्थान आहे.

जपानने १९७१ मध्येच धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजविणे आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे सक्तीचे केले. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातील बंदुकीच्या तोंडाशी ठळक नारिंगी खूण आली. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यातील तरतुदी ऑक्टोबर २००७ पासून लागू झाल्या. त्यांनुसार खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक बनविणे व विकणे हा तर गुन्हा आहेच, पण साध्या नकली बंदुकीत बदल करून तिला खऱ्यासारखी करणे हाही गुन्हा ठरला. चित्रपट, रंगभूमी, ऐतिहासिक प्रसंगांचे पुनर्दर्शन अशा कारणांसाठी त्यात सवलत आहे. हे निर्बंध छंदिष्टांना जाचक वाटतात. त्यांनी २२ नोव्हेंबर २०१४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत नकली पिस्तुलाशी खेळत असता पोलिसाच्या गोळीला बळी पडला. त्या पिस्तुलावर नारिंगी खूण नव्हती. त्या मृत्यूची जबाबदारी खेळण्यावर ढकलता येणार नाही. गाडी थांबताच काही क्षणांत गोळी झाडणाऱ्या पोलिसाविषयी आणि अमेरिकेतील वर्णभेदाविषयी जे प्रश्न विचारले गेले, ते विचारलेच पाहिजेत. पण ज्या समाजात शस्त्र पाहताच विचार थांबतो, तेथे एका लहानशा रंगीत खुणेचे मोल काय, हेही त्या घटनेने दाखविले.

आपल्या विषयापुरते बोलावयाचे तर प्रकाशखड्गाला कितीही धातू लावला तरी पोलीस त्याला शस्त्र समजणार नाही. पण पांढऱ्या सैनिकांचा ब्लास्टर मुळात स्टर्लिंगच आहे. त्याच्या स्वस्त प्रतिकृतीवरील झगझगीत रंग काढून, नळी व पट्टे धातूचे करीत गेले तर छंदिष्ट चित्रपटापाशी थांबत नाही. तो थेट पोलिसाच्या कार्बाइनपर्यंत जाऊन पोहोचतो. तेव्हा नियम सोपा असावा. वजन वाढवा, आटे खरे करा, स्प्रिंग बदला. पण तोंडाशी असलेली खूण पुसू नका आणि ही वस्तू उघड्यावर मिरवू नका. जो म्हणतो की नारिंगी टोकाने माझ्या कलाकृतीचा विचका होतो, त्याला कारागिरीपेक्षा फसवणुकीत अधिक रस आहे काय, हे त्याने स्वतःस विचारावे.

उघडण्याचा अधिकार

उरतो तो अधिकाराचा प्रश्न. या सामग्रीचे रूप कोणाच्या मालकीचे? चित्रपटासाठी सैनिकांची शिरस्त्राणे तयार करणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे तीच विकावयास काढली, तेव्हा लुकासफिल्म कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांच्यावर २ कोटी डॉलरचा बोजा टाकला. उलट २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की ते शिरस्त्राण म्हणजे शिल्पकृती नव्हे, चित्रपटनिर्मितीत वापरलेली उपयोगाची वस्तू होय. अमेरिकी स्वामित्वहक्काचा दावा इंग्लंडमध्ये चालविता येईल, असेही त्याच निकालात म्हटले होते. प्रतिकृती विकणाऱ्याच्या बाबतीत हा वाद चालूच राहील. परंतु पैसे देऊन घेतलेले खेळणे घरी उघडून त्यात पितळी स्क्रू घालणाऱ्याला कोणाच्या अनुज्ञेची गरज पडू नये. तो कोणाची वस्तू विकत नाही. स्वतःची वस्तू समजून घेत आहे.

आणि हाच मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेले. देशी खेळणी तयार व्हावीत, हा हेतू स्तुत्यच. पण खेळणे कोणत्या देशात तयार झाले एवढाच विचार झाला. ते उघडता येते काय, दुरुस्त करता येते काय, त्याचा एखादा भाग बदलता येतो काय, हे कोणी विचारले नाही. डिंकाने चिकटवून कायमचे बंद केलेले खेळणे चीनमध्ये झाले काय आणि भिवंडीत झाले काय, मुलाला त्यातून शिकावयास मिळते ते एकच की बिघडलेली वस्तू फेकून द्यावयाची असते.

वस्तू उघडण्याच्या वृत्तीची परंपरा आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राची रचना जाणून घेऊन १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा उभा केला. आनंदराव पेंटर यांच्यासमवेत आरंभिलेले ते काम आनंदरावांच्या निधनानंतर त्यांनी नेटाने तडीस नेले आणि त्याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी चालली. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेत काड्या, रबरी नळ्या आणि टाकाऊ बाटल्यांपासून विज्ञान शिकविणारी खेळणी करून दाखविली. या दोन्ही उदाहरणांत पैसा थोडा होता आणि कुतूहल पुष्कळ होते. पाश्चात्त्य छंदिष्टाच्या टेबलावर पैसा अधिक आहे; पण कुतूहल त्याच जातीचे.

म्हणून मागणी अगदी माफक आहे. खेळण्यांच्या मानकांत सुरक्षिततेबरोबर आणखी एक कलम असावे: मोठ्या मुलांसाठीचे खेळणे शक्य तेथे डिंकाऐवजी स्क्रूने जोडलेले असावे आणि त्याचे झिजणारे भाग सुटे मिळावेत. नारिंगी खुणेचा नियम आपल्याकडेही स्पष्ट शब्दांत यावा. आणि आपल्या तंत्रशाळांतील, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कार्यशाळा, ज्यांची यंत्रे दुपारनंतर झाकून ठेवलेली असतात, त्या आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी माफक शुल्कात गावातील कोणालाही, कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसह, खुल्या असाव्यात. मग कोणी तेथे सायकलचा पुर्जा तासील, कोणी आईच्या शिवणयंत्राचा, आणि कोणी एखाद्या अवकाशवीराच्या खड्गाची मूठ. कशासाठी तासतो आहेस, हे विचारण्याचे कार्यशाळेच्या निदेशकास कारण नाही. माप बरोबर आले आहे की नाही, एवढे त्याने पाहावे.